आमचं काय चुकलं?

वीस-बावीस वर्षांचं लेकरू एके दिवशी आईवडिलांना समोर बसवतं आणि सांगतं, "तुम्ही मला मुलगा म्हणून वाढवलंत, पण मी मुलगी आहे." कधी याच्या उलट. रडारड, आदळआपट, अबोला सगळं होऊन गेल्यावर घरात एक प्रश्न मागे उरतो : आमचं काय चुकलं? मग जुन्या आठवणी उकरायला सुरुवात होते. आईला आठवतं, मुलीची हौस होती म्हणून आपण याला दोन वर्षांचा असताना परकर-पोलकं घालून फोटो काढून घेतला होता. वडिलांना वाटतं, आपण बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरलो, पोरगा बायकांतच वाढला. मुलीच्या बाबतीत हिशेब उलटा लागतो : हिला भावाबरोबर क्रिकेट खेळू दिलं, केस बारीक कापू दिले, तिथेच फसलं. मामाचा संशय हॉस्टेलवर, आजीचा करणीवर. आणि कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "लहानपणी याला कुणी काही केलं तर नव्हतं ना?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. विचारणारी माणसं धास्तावलेली असतात, आणि मानसशास्त्रानेही हाच प्रश्न कित्येक दशकं विचारला आहे. त्याची दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं असं, की बालपणात काहीतरी बिघडलं म्हणून हे झालं, ते शोधून दुरुस्त केलं की मूल पूर्वीसारखं होईल. दुसरं असं, की बालपणाचा इथे काडीचाही संबंध नाही, त्याबद्दल विचारणं हाच अपमान. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. बालपणातल्या घटना माणसाचा लिंगभाव, म्हणजे आपण बाई आहोत की पुरुष ही आतली जाणीव, घडवतात, याचा पुरावा फार कच्चा आहे. पण त्या लिंगभावाबरोबर किती दुःख वाट्याला येणार, हे मात्र बालपण बऱ्याच अंशी ठरवतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आईवडील, डॉक्टर आणि ते मूल, सगळेच चुकीच्या जागी खणत बसतात.

आधी दुःख म्हणजे नेमकं कोणतं, ते पाहू. जन्मावेळी शरीर बघून डॉक्टर किंवा सुईण मुलगा की मुलगी ते सांगते. पुढे कळत्या वयात बहुतेकांना आपण तेच आहोत असं आतून वाटतं, इतकं सहज की त्याचा विचारही करावा लागत नाही. काहींना तसं वाटत नाही; त्यांना पारलिंगी (ट्रान्सजेंडर) म्हणतात. शरीर एक सांगतं, मन दुसरं, आणि भोवतालचे लोक शरीराच्या बाजूने उभे राहतात. यातून जी तीव्र, महिनोन्महिने न सरणारी घुसमट होते तिला वैद्यकात 'जेंडर डिस्फोरिया' म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली पारलिंगी असण्याचा समावेश विकारांच्या यादीत केला होता. 2013च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी भूमिका बदलली : वेगळा लिंगभाव असणं हा आजार नाही, त्यापायी होणारा त्रास हा उपचाराचा विषय. तो त्रास किमान सहा महिने टिकलेला हवा आणि त्यामुळे जगणं, शिकणं, काम करणं अवघड झालेलं हवं. जागतिक आरोग्य संघटनेने त्यापुढे जाऊन 2019 साली मंजूर केलेल्या आणि 2022पासून लागू झालेल्या आपल्या यादीत हा विषय मनोविकारांच्या प्रकरणातूनच बाहेर काढला.

म्हणजे हाताशी दोन वेगळे प्रश्न आहेत. एखादी व्यक्ती पारलिंगी का असते, हा एक. तिला इतका त्रास का होतो, हा दुसरा. सगळ्याच पारलिंगी व्यक्तींना सारखा त्रास होत नाही. काहींना फारसा होतच नाही. हा फरक कुठून येतो?

विनिपेगचं मूल

आधी पहिला प्रश्न घेऊ. कॅनडातल्या विनिपेग शहरात 1965 साली एका तरुण जोडप्याला जुळे मुलगे झाले. आठेक महिन्यांचे असताना लघवीच्या त्रासासाठी त्यांची सुंता करायचं ठरलं. त्यातल्या एकाच्या शस्त्रक्रियेत विजेच्या उपकरणाने अपघात झाला आणि त्याचं शिश्न पूर्ण जळून गेलं. हतबल आईवडिलांनी टीव्हीवर डॉ. जॉन मनी यांना पाहिलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतले हे मानसशास्त्रज्ञ सांगत होते, की मूल मुलगा होणार की मुलगी, हे मुख्यतः संगोपनावर ठरतं. त्यांच्या सल्ल्याने दोन वर्षांचं होण्याआधीच त्या बाळाची अंडकोषं काढली गेली, ब्रेंडा असं नाव ठेवलं गेलं आणि त्याला मुलगी म्हणून वाढवायला सुरुवात झाली.

संगोपनाची याहून कडक परीक्षा कल्पनेतही सुचणार नाही. आईवडील मनापासून प्रयत्न करत होते. फ्रॉक, बाहुल्या, लांब केस, सगळं झालं. मुलाला खरं काय ते कुणीही सांगितलं नव्हतं. तुलनेसाठी घरातच जुळा भाऊ होता. मनींनी 1972 साली हा प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत तो तसाच शिकवला गेला.

घरात चित्र निराळं होतं. ब्रेंडा कपडे ओरबाडून काढायची, शाळेत मुली तिला जवळ करत नव्हत्या, मुलगे चिडवत होते. वयात येताना संप्रेरकांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिने त्याला नकार द्यायला सुरुवात केली. बाल्टिमोरच्या भेटींची तिला इतकी धास्ती होती, की पुन्हा तिथे नेलंत तर जीव देईन, असं ती म्हणाली. 1980च्या मार्चमध्ये वडिलांनी तिला सगळं सांगितलं. काही आठवड्यांतच त्या चौदा वर्षांच्या मुलाने डेव्हिड हे नाव घेतलं आणि तो मुलगा म्हणून जगू लागला. पुढे त्याने लग्न केलं, बायकोच्या तीन मुलांचा बाप झाला. 1997 साली मिल्टन डायमंड आणि कीथ सिगमंडसन या संशोधकांनी त्याची खरी हकिगत प्रसिद्ध केली. डेव्हिड रायमरने नंतर स्वतः जगासमोर येऊन ती सांगितली, दुसऱ्या मुलांवर ही वेळ येऊ नये म्हणून. 2002 साली त्याचा भाऊ गेला. 2004च्या मे महिन्यात डेव्हिडने आत्महत्या केली. तो अडतीस वर्षांचा होता.

डेव्हिड पारलिंगी नव्हता. त्याची गोष्ट इथे सांगायची ती दोन कारणांसाठी. डॉक्टर, आईवडील, शाळा, औषधं, सगळ्यांनी मिळून एका दिशेने जोर लावला, तरी मुलाच्या आतली जाणीव बदलली नाही. मग परकर-पोलक्यातल्या एका फोटोने किंवा गल्लीतल्या क्रिकेटने ती बदलली असेल, असं मानायला काय आधार आहे? दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेव्हिडचं बालपण उद्ध्वस्त झालं ते तो कोण आहे यामुळे नाही. तो जे नाही ते म्हणून त्याला वर्षानुवर्षं जगायला लावलं, त्यामुळे.

एका मुलावरून सिद्धान्त मांडू नये हे खरंच. 2004 साली विल्यम रायनर आणि जॉन गियरहार्ट यांनी जनुकीयदृष्ट्या पुरुष असलेल्या, पण जन्मतः ओटीपोटाच्या गंभीर व्यंगामुळे बाळपणीच मुली ठरवल्या गेलेल्या चौदा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या आठ जणांनी पुढे आपण मुलगे आहोत असं सांगितलं. उरलेल्यांतले बहुतेक मुली म्हणूनच जगत होते. म्हणजे संगोपनाला काहीच किंमत नाही असंही म्हणता येत नाही. जुळ्यांचे अभ्यासही असंच अर्धवट चित्र दाखवतात. बेल्जियममधल्या गुंटर हेयलेन्स यांनी 2012 साली आधी नोंदल्या गेलेल्या जोड्या एकत्र केल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 23 जोड्यांपैकी 9 जोड्यांत दोघंही पारलिंगी होते. एकाच लिंगाच्या, पण वेगळ्या बीजातून झालेल्या जुळ्यांच्या 21 जोड्यांत असं एकही उदाहरण नव्हतं. जनुकांचा वाटा आहे, हे यातून दिसतं. पण 23 पैकी 14 जोड्यांत जनुकं सारखी असूनही एक पारलिंगी होता आणि दुसरा नव्हता. गर्भातली संप्रेरकं, मेंदूची घडण, योगायोग, यांचं नेमकं गणित कुणालाही मांडता आलेलं नाही. आईवडिलांच्या एखाद्या चुकीत मात्र ते बसत नाही.

बाण कुठल्या दिशेने?

तरीही एक निरीक्षण पुन्हा पुन्हा समोर येतं आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लिंगभावाच्या घुसमटीसाठी मदत मागणाऱ्या तरुणांना बालपणाबद्दल विचारलं, तर मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, घरातून दुर्लक्ष यांचं प्रमाण इतर तरुणांपेक्षा जास्त आढळतं. मग अत्याचारामुळेच हे झालं, असं म्हणायचं का?

बालपणातले घाव मोजायची पद्धत अमेरिकेतल्या सॅन डिएगोत जन्माला आली. 1985च्या सुमारास डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी तिथे लठ्ठपणावर उपचार करणारं केंद्र चालवत होते. ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं तेच रुग्ण मध्येच उपचार सोडून जाताना पाहून ते बुचकळ्यात पडले. मुलाखती घेतल्यावर अनेकांच्या बोलण्यात लहानपणचा लैंगिक अत्याचार आला. काहींसाठी ते अवाढव्य शरीर हे संरक्षण होतं; ते उतरू लागलं की भीती परत येत होती. यातून पुढे रॉबर्ट अँडा यांच्यासोबत 17,000हून अधिक लोकांचा अभ्यास उभा राहिला आणि 1998 साली त्याचे पहिले निष्कर्ष आले. बालपणी चार किंवा त्याहून जास्त प्रकारचे घाव सोसलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे घाव नसलेल्यांपेक्षा चार ते बारा पट निघाला.

लहानपणचा छळ माणसाला आयुष्यभर पुरतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असं होत नाही. हार्वर्डमधल्या अँड्रिया रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2012 साली सुमारे 9,000 तरुणांच्या माहितीवरून हाच प्रश्न उलटा करून पाहिला. अकरा वर्षांच्या आत ज्या मुलांचे खेळ, आवडी, वागणं आपल्या लिंगाच्या ठरीव चौकटीत बसत नव्हतं, त्यांच्या वाट्याला शारीरिक, मानसिक आणि लैंगिक छळ जास्त आला होता, आणि तरुणपणी आघातोत्तर तणावाची लक्षणंही त्यांच्यात जास्त होती. यातली बहुतेक मुलं मोठेपणी समलिंगी नव्हती. नुसतं वेगळं दिसणं, वेगळं वागणं एवढ्यावरच त्यांना शिक्षा झाली होती. छळामुळे मूल वेगळं झालं असं आपण धरून चालतो. इथे मूल वेगळं होतं म्हणून छळ झाला.

हीच गोष्ट आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिलेली आहे. 15 एप्रिल 2014 रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिकरी यांनी पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दल जो निकाल दिला, त्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांची कैफियत नोंदली आहे. आपलं वागणं बायकी होतं, आणि त्या बायकीपणापायीच लहान वयापासून घरात आणि घराबाहेर वारंवार लैंगिक छळ झाला, बोलायला कुणी नव्हतं, असं त्या सांगतात. क्रम नीट पाहावा. बायकीपणा आधी, छळ नंतर. अत्याचार करणारा माणूस सावज हेरतो; ज्या मुलाला घरातही बोलणी बसतात, जे मूल तक्रार केली तर "तूच तसा वागतोस" हे ऐकणार आहे, ते त्याला सगळ्यात सोयीचं असतं. लक्ष्मी यांची आत्मकथा 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' मराठीत आली आहे. शाळकरी वयात त्या समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते अशोक राव कवी यांना जाऊन भेटल्या होत्या आणि तुझ्यात काही बिघडलेलं नाही, शिकत राहा, असं कवींनी त्यांना सांगितलं होतं. असं सांगणारा एक मोठा माणूस वेळेवर भेटणं, हाही बालपणीचाच अनुभव आहे, आणि संशोधक जेव्हा घावांच्या याद्या करतात तेव्हा तो बहुतेक वेळा मोजायचा राहून जातो.

रोजची झीज

मोठ्या अत्याचाराच्या घटना सांगता येतात. रोजची झीज सांगता येत नाही. शाळेत मुलामुलींच्या वेगळ्या रांगा लागतात आणि एक मूल रोज सकाळी चुकीच्या रांगेत उभं राहतं. गॅदरिंगच्या नाचात हव्या त्या बाजूला जायची मुभा नसते. 'बायल्या' ही हाक पहिल्यांदा वर्गात येते, मग गल्लीत, मग एखाद्या लग्नात काकाच्या तोंडून, आणि सगळे हसतात. मुलांच्या मुतारीत जायला नको म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलं आहेत. मुलगी म्हणून वाढणाऱ्या मुलाची वाट वेगळी. दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत 'अगदी पोरासारखी आहे हो' याचं कौतुक होतं. पाळी आली की कौतुक एका दिवसात संपतं. ओढणी घे, आवाज कमी कर, आता पुरे झालं खेळणं. शरीर तर बदलत असतंच, वर घरही बदलतं, आणि आजवर मिळालेली मोकळीक हिरावून घेतली जाते.

युनेस्कोने 2019 साली तमिळनाडूतल्या अशा विद्यार्थ्यांचे अनुभव गोळा करून अहवाल काढला. माध्यमिक शाळेत असताना शारीरिक छळ झाल्याचं दर पाचांतल्या तिघांनी सांगितलं. शाळा सुटण्यामागे या छळाचा मोठा हात होता, असं सुमारे एक तृतीयांश जणांचं म्हणणं होतं. महाराष्ट्रातल्या शाळा याहून फार वेगळ्या असतील, असं मला वाटत नाही.

अमेरिकी संशोधक इलान मेयर यांनी 2003 साली या झिजेची सविस्तर मांडणी केली. अल्पसंख्य गटातल्या माणसावर ताण दोन मजली असतो. पहिला बाहेरचा : टोमणे, मार, नकार. दुसरा आतला : पुढचा टोमणा कधी येईल याची सततची धास्ती, स्वतःला लपवण्याची कसरत, आणि लोक म्हणतात ते खरंच असेल, आपण घाणेरडेच असू, ही हळूहळू मुरलेली समजूत. मेयर यांनी हे समलिंगी व्यक्तींबद्दल लिहिलं होतं, पुढे इतरांनी ते पारलिंगी व्यक्तींना लागू केलं. आतला ताण जास्त घातक, कारण छळणारे सोडून गेले तरी तो सोबत राहतो. सहा वर्षांच्या मुलाला लाज मुळात वाटत नसते. ती त्याला शिकवावी लागते, आणि आपण ती फार चिकाटीने शिकवतो.

मग हे सगळं अठरा ते पंचविसाच्या दरम्यानच का उफाळून येतं? "बारावीपर्यंत काहीच नव्हतं, कॉलेजला गेल्यावर खूळ शिरलं," असं पालक सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच काही दिसलेलं नसतं, कारण मुलाने दिसू दिलेलं नसतं. घरापासून दूर, हॉस्टेलच्या खोलीत किंवा नोकरीच्या शहरात लपवण्याचं ओझं पहिल्यांदा उतरतं आणि किती थकलो होतो ते तेव्हा कळतं. शिवाय याच वयात घरात लग्नाची बोलणी निघतात. मुलगी म्हणून वाढलेल्या मुलासाठी दाखवण्याच्या कार्यक्रमाची तारीख म्हणजे दारं बंद होण्याची तारीख असते. "लग्न लावून द्या, सुधारेल" या सल्ल्याने दोन आयुष्यं एकदम बुडतात, स्वतःचं आणि काहीही ठाऊक नसलेल्या जोडीदाराचं.

गुंता आहे तिथे गुंता म्हणावं

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की बालपणाबद्दल विचारायचंच कारण नाही. तसं मला म्हणायचं नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसाचं स्वतःच्या शरीराशी नातं बिघडतं, हे फेलिट्टींच्या रुग्णांनीच दाखवलं. स्तन नकोसे होणं, आरशाकडे पाहता न येणं, स्पर्श असह्य होणं हे आघातातूनही होतं आणि लिंगभावाच्या घुसमटीतूनही. काही तरुणांमध्ये दोन्ही एकत्र असतं. त्यात स्वमग्नतेची भर पडू शकते. 2020 साली वरुण वारियर आणि केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी लाखो लोकांच्या माहितीवरून दाखवलं, की लिंगभाव वेगळा असलेल्यांमध्ये स्वमग्नतेचं प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट आहे. अशा वेळी काय कशातून आलं, हे एका भेटीत ठरवणारा डॉक्टर घाई करतो आहे, मग त्याचा निष्कर्ष कोणत्याही बाजूचा असो.

ब्रिटनमध्ये यावर मोठं वादळ झालं. तिथल्या बालकांसाठीच्या राष्ट्रीय लिंगभाव केंद्राकडे 2009 साली वर्षाला जेमतेम पन्नास मुलं येत होती, 2021-22मध्ये ती संख्या पाच हजारांवर गेली. तिथल्या आरोग्यसेवेने चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. हिलरी कॅस यांनी एप्रिल 2024 मध्ये अंतिम अहवाल दिला. लहान वयातल्या संप्रेरक उपचारांमागचा पुरावा दुबळा आहे, आणि प्रत्येक मुलाकडे घर, आघात, स्वमग्नता, नैराश्य यांसह संपूर्ण पाहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सतरा ते पंचवीस वयाच्या तरुणांना एकदम प्रौढांच्या दवाखान्यात ढकलू नका, हीही त्यांची शिफारस होती. या अहवालावर अनेक तज्ज्ञांनी टीका केली आहे आणि तो वाद मिटलेला नाही. उपचार घेतल्यावर मागे फिरणारी माणसंही आहेत; संख्येने थोडी, पण त्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांना कुणाच्याही प्रचारात वापरू नये.

मला यातून कळतं ते एवढंच, की बालपणाबद्दल विचारण्याचा हेतू काय, यावर सगळं अवलंबून आहे. "तुला लहानपणी त्रास झाला होता म्हणजे तुझं हे वाटणं खोटं," असं सिद्ध करायला विचारलं, तर तो तरुण पुन्हा कधी त्या अत्याचाराबद्दल बोलणार नाही, आणि जखम आत चिघळत राहील. जखम ही जखम म्हणून बरी करायची असते. आघातावर उपचार झाल्यावर काहींच्या मनातला गोंधळ निवळतो, काहींना आपला लिंगभाव आणखी स्पष्ट दिसतो. दोन्ही निष्पत्तींना जागा ठेवणारा समुपदेशक हवा.

जबरदस्तीने 'सरळ' करण्याचे प्रयोग ही वेगळी गोष्ट. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी 2021 साली असे उपचार थांबवण्याचे आदेश दिले आणि 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तर समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक कल्पनांशी न जुळणं, या आधारावर कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि मूल अठराच्या आतलं असताना त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर 2012चा पॉक्सो कायदा त्याला लागू होतो, ते मूल मुलगा असो, मुलगी असो की आणखी कुणी. "मुलग्याला काय होतंय" या वाक्याला कायद्यात जागा नाही.

घरातले दोन शब्द

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या केटलिन रायन यांनी समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांना, वय एकवीस ते पंचवीस, विचारलं की किशोरवयात घरच्यांनी तुम्हाला कसं वागवलं. 2009 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे अंगावर येतात. घरातून सर्वाधिक झिडकारल्या गेलेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याचं प्रमाण कमी किंवा न झिडकारलेल्यांपेक्षा 8.4 पट होतं. रायन यांच्या कामातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग पुढचा आहे. झिडकारण्याच्या यादीत मारहाण आणि घरातून हाकलणं होतंच, पण मित्रांना भेटू न देणं, 'लोक नावं ठेवतील, जरा नीट वाग' असं समजावणं, त्या विषयावर घरात बोलायला बंदी करणं हेही होतं. अनेक पालक हे काळजीपोटी करत होते. मुलांपर्यंत मात्र नकारच पोचत होता.

दुसरी बाजूही मोजली गेली आहे. क्रिस्टिना ओल्सन यांनी 2016 साली तीन ते बारा वयाच्या 73 पारलिंगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्यांनी त्यांना त्यांच्या लिंगभावानुसार नावाने, कपड्यांत, वागणुकीत स्वीकारलं होतं. औषधोपचार नव्हते, फक्त स्वीकार. या मुलांमधलं नैराश्याचं प्रमाण इतर मुलांइतकंच निघालं, चिंता किंचित जास्त. हा कुटुंबांनी स्वतःहून पुढे येऊन भाग घेतलेला अभ्यास आहे, त्यामुळे त्यावरून सगळ्यांबद्दल छातीठोक बोलता येणार नाही. पण पारलिंगी असणं म्हणजे दुःखी असणंच, हा समज त्यातून नक्की ढासळतो. स्टीफन रसेल यांच्या 2018च्या अभ्यासात 15 ते 21 वयाच्या 129 तरुणांना विचारलं गेलं, की घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत तुम्ही निवडलेलं नाव वापरलं जातं का. या चारांपैकी एका जास्तीच्या ठिकाणी जरी ते नाव वापरलं जात असलं, तरी आत्महत्येचे विचार 29 टक्के कमी आणि तसं वर्तन 56 टक्के कमी होतं. नाव घ्यायला पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही.

पुण्यात जन्मलेल्या पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची आई लहानपणीच गेली, वडील पोलीस अधिकारी. तरुण वयात त्यांना घर सोडावं लागलं. मुंबईत मालाडला त्यांनी 'सखी चारचौघी' ही संस्था उभी केली आणि पुढे एका अनाथ मुलीला आई म्हणून वाढवलं. त्यांचं कर्तृत्व मोठंच आहे. पण अशा गोष्टी ऐकताना मला नेहमी वाटतं, की घर सोडलेल्या इतर कितीजणांना ना संस्था मिळाली ना नाव, आणि त्यांच्या घरी आजही कुणीतरी 'आमचं काय चुकलं' याचं उत्तर फार मागच्या वर्षांत शोधत बसलं असेल.

मूल बावीस वर्षांचं झालं म्हणजे उशीर झाला असं नाही. जे आईवडील सुरुवातीला चिडले, रडले, बाबा-बुवांकडे गेले, त्यांतले कितीतरी पुढे मुलांच्या बाजूने ठाम उभे राहिले आहेत. अशा पालकांनीच 'स्वीकार' हा गट उभा केला, आणि 2023 साली आपल्या मुलांना विवाहाचा हक्क मिळावा म्हणून चारशेहून जास्त आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. एकेकाळी शेजाऱ्यांना काय सांगायचं या चिंतेने झोप उडालेली माणसं देशाच्या सरन्यायाधीशांना आपल्या सहीनिशी लिहिती झाली. पुण्यातला 'समपथिक' आणि मुंबईतला 'हमसफर' या ट्रस्टनी वर्षानुवर्षं या क्षेत्रात काम केलं आहे. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायची गरज पडली, तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. तो फोन मुलानेच करायला हवा असं नाही. गोंधळलेली आई किंवा बापही तो करू शकतात.